प्रोटीन कुकीज : किंमत, उष्मांक आणि आपली जबाबदारी

गेल्या काही वर्षांत आपल्या औषधी दुकानांच्या काउंटरवर एक नवी वस्तू येऊन बसली आहे. च्यवनप्राशाचे डबे, खोकल्याच्या गोळ्या आणि दंतमंजन यांच्या शेजारी ‘प्रोटीन कुकीज’ची चकचकीत पाकिटे दिसू लागली आहेत. साताऱ्यात, कराडात, सांगली-मिरजेत, इतकेच नव्हे तर तालुक्याच्या गावीही ती मिळतात. व्यायामशाळेत जाणारा तरुण ती घेतो, नोकरदार गृहिणी घेते, आजारातून उठलेल्या वडिलांसाठी मुलगा घेतो. आणि घेण्यापूर्वी वा घेतल्यानंतर आपल्याला विचारतो, “डॉक्टर, हे खाल्लं तर चालेल ना?”

या एका ‘चालेल ना’मध्ये तीन प्रश्न दडलेले असतात. या माणसाला जादा प्रथिनांची गरज आहे काय? असल्यास ती भागविण्यास ही वस्तू मोजलेल्या पैशांच्या मानाने योग्य आहे काय? आणि प्रथिनांबरोबर पोटात जाणारे उष्मांक त्याच्या प्रकृतीस व अग्नीस सोसणारे आहेत काय? या तीनही प्रश्नांची उत्तरे वैद्यास आणि औषधविक्रेत्यास देता आली पाहिजेत. प्रस्तुत लेखाचा हेतू तेवढाच आहे.

आरंभीच एक कबुली द्यावयास हवी. आमच्या दवाखान्याला जोडून असलेल्या दुकानातही या कुकीज वर्षभर विक्रीस होत्या. एका कंपनीच्या प्रतिनिधीने दहा खोक्यांवर एक खोके मोफत अशी योजना सांगितली, नफ्याचे प्रमाण आमच्या नित्याच्या चूर्ण-वटींहून बरे होते, आणि वस्तू अपायकारक नाही असे समजून आम्ही ती ठेवली. त्या वर्षात जे अनुभवास आले त्यातूनच हा लेख लिहिण्याची निकड वाटली.

तीन रुग्ण, एकच पाकीट

पहिले रुग्ण सांगलीतील सत्तरीचे गृहस्थ. मांडीच्या हाडाची शस्त्रक्रिया होऊन घरी आलेले. मुले परगावी. त्यांनी ‘बाबांना प्रोटीन पाहिजे’ म्हणून कुकीजची खोकी पाठविण्यास सुरुवात केली. त्यांतील पहिली दोन आमच्याच दुकानातून गेली होती. बाबा सकाळच्या चहाबरोबर दोन आणि संध्याकाळच्या चहाबरोबर दोन कुकीज खात. तीन महिन्यांनी ते तपासणीस आले तेव्हा वजन तीन किलोंनी उतरले होते, रक्तशर्करा वाढली होती आणि खुर्चीतून उठताना हाताचा आधार घ्यावा लागत होता. चौकशीअंती कळले की सकाळच्या कुकीजनंतर दुपारी भूकच लागत नसे. पूर्वी दोन भाकरी, आमटी, ताक असे जेवण होते. ते अर्ध्या भाकरीवर आले होते. रात्री जेवण जवळजवळ बंद होते. प्रथिनांसाठी आणलेल्या वस्तूने प्रथिने देणारे जेवणच बाजूला सारले होते.

दुसरी रुग्ण साताऱ्यातील चाळिशीची नोकरदार भगिनी. वजन कमी करावयाचे म्हणून रोज पहाटे अजिंक्यतारा चढून जाणारी. नियम कडक, चिकाटी वाखाणण्याजोगी, तरी चार महिन्यांत काटा हलला नव्हता. गडावरून उतरल्यावर ‘व्यायामानंतर प्रोटीन घ्यावे’ असे कोणीतरी सांगितल्याने ती एक कुकी खात असे, आणि नंतर घरी नेहमीचा नाश्ता. चढ-उतारात जेवढे उष्मांक खर्ची पडत, जवळजवळ तेवढेच ती कुकी परत देत होती.

तिसरी रुग्ण पोलीस भरतीची तयारी करणारी खटाव तालुक्यातील मुलगी. वडील दुसऱ्याच्या शेतावर कामाला जातात. धावताना दम लागतो, पाय दुखतात, म्हणून आलेली. तिच्या पिशवीत पुस्तकांबरोबर एक प्रोटीन कुकी होती. अकादमीतील मैत्रिणी खातात म्हणून तीही रोज एक घेत असे. त्या एका कुकीची किंमत साठ रुपये होती. आम्ही तिला घरच्या आहाराविषयी विचारले, तेव्हा दूध परवडत नाही म्हणून बंद केल्याचे तिने सहज सांगितले.

या तिघांच्या गरजा भिन्न आहेत, परंतु चूक एकच आहे. पाकिटावरील ‘प्रोटीन’ हा एक शब्द वाचून आहार ठरविला गेला.

हिशेब मांडून पाहू

या कुकीज अनेक प्रकारच्या असल्याने एकच आकडा सर्वांना लागू पडणार नाही. उदाहरणासाठी साठ ग्रॅम वजनाची, दहा ग्रॅम प्रथिने व २६० उष्मांक असलेली आणि साठ रुपये किमतीची कुकी घेऊ. यापेक्षा बऱ्या कुकीज आहेत आणि पुष्कळ वाईटही आहेत. आता तेवढीच, म्हणजे दहा ग्रॅम प्रथिने, आपल्या बाजारातील नेहमीच्या पदार्थांतून मिळविण्यास किती पैसे व किती उष्मांक लागतात ते पाहू. भाव गावोगाव बदलतात. येथे हिशेबासाठी फुटाणे १८० रुपये किलो, शेंगदाणे १५०, मूगडाळ १२०, सोयावडी १५०, पनीर ४००, गाईचे दूध ५८ रुपये लिटर आणि अंडे सात रुपये असे धरले आहेत. वाचकांनी आपल्या पेठेतील भाव घालून हाच हिशेब पुन्हा करावा.

दहा ग्रॅम प्रथिनांसाठी :
प्रोटीन कुकी – १ नग – २६० उष्मांक – ६० रुपये
फुटाणे – ४५ ग्रॅम – १६५ उष्मांक – ८ रुपये
शेंगदाणे – ४२ ग्रॅम – २२० उष्मांक – ६ रुपये
मूगडाळ – ४२ ग्रॅम – १३७ उष्मांक – ५ रुपये
सोयावडी – २० ग्रॅम – ७० उष्मांक – ३ रुपये
अंडी – दीड नग – १०० उष्मांक – साडेदहा रुपये
गाईचे दूध – ३१० मि.लि. – २२५ उष्मांक – १८ रुपये
पनीर – ५३ ग्रॅम – १३७ उष्मांक – २१ रुपये

या कोष्टकावरून दोन गोष्टी दिसतात. किमतीच्या बाबतीत कुकीचा टिकाव लागत नाही. फुटाण्यांच्या मानाने ती सातपटीहून महाग आहे. उष्मांकांच्या बाबतीत मात्र न्याय दोन्ही बाजूंनी करावयास हवा. शेंगदाणे आणि दूध हे कुकीपेक्षा फार हलके नाहीत, म्हशीचे साईसकट दूध तर कुकीच्याही वर जाते. घरगुती पदार्थ म्हणजे आपोआप कमी उष्मांक, असे समजणे चूक होय.

याची प्रचीती आम्हांस स्वतःच्याच स्वयंपाकघरात आली. कुकीला पर्याय म्हणून आम्ही फुटाण्याच्या पिठाचे लाडू सुचवीत असू. एकदा मोजून पाहिले : १०० ग्रॅम फुटाण्याचे पीठ, ५० ग्रॅम शेंगदाण्याचे कूट, ५० ग्रॅम गूळ आणि २५ ग्रॅम तूप यांचे आठ लाडू होतात. एका लाडवात प्रथिने चार ग्रॅमांहून थोडी अधिक आणि उष्मांक सुमारे १३०. म्हणजे दहा ग्रॅम प्रथिनांसाठी तीनशे उष्मांक! किंमत सहा रुपयांच्या आत असली तरी वजन उतरविणाऱ्या रुग्णास लाडू हा लाडूच आहे. कृश बालकास, बाळंतिणीस, शेतात राबणाऱ्यास तो उत्तम; गडावर चालायला जाणाऱ्या त्या भगिनीस नव्हे.

पैशांचा हिशेब महिन्याचा केला म्हणजे अधिक स्पष्ट होतो. रोज एक कुकी म्हणजे महिन्याला १८०० रुपये आणि ३०० ग्रॅम प्रथिने. वरील भावांनी रोज अर्धा लिटर दूध, महिन्याला दोन किलो मूगडाळ, एक किलो शेंगदाणे, एक किलो फुटाणे आणि तीस अंडी एवढे सर्व १६५० रुपयांत येते, व त्यातून सोळाशे ग्रॅमांहून अधिक प्रथिने मिळतात. खटावच्या त्या मुलीसमोर आम्ही हाच हिशेब कागदावर मांडला. तिने कागद घडी करून पुस्तकात ठेवला. दूध पुन्हा सुरू झाले, धावून आल्यावर भिजवलेले हरभरे व अंडे सुरू झाले, आणि उरलेल्या पैशांतून तिने पायांतील झिजलेले बूट बदलले. तिच्या पायदुखीला त्या बुटांचाही हातभार होता, हे सांगावयास नकोच.

गरज किती?

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तज्ज्ञांनी २०२० साली ठरविल्याप्रमाणे निरोगी प्रौढास दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम उत्तम प्रतीची प्रथिने पुरतात; आहार मुख्यतः धान्यावर असेल तर सुमारे एक ग्रॅम धरावीत. साठ किलोच्या माणसास म्हणजे ५० ते ६० ग्रॅम. आता आपल्याकडील साधे जेवण घेऊ. दिवसभरात ज्वारीचे पीठ २०० ग्रॅम (प्रथिने २०), डाळ व मटकीची उसळ मिळून ६० ग्रॅम (१३), तांदूळ ५० ग्रॅम (४), शेंगदाण्याचे कूट व चटणी ३० ग्रॅम (७), दूध पाव लिटर (८). बेरीज ५२ ग्रॅम. धान्यात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते, ते डाळीत पुरेसे असते. भाकरीबरोबर आमटी-उसळ खाण्याच्या आपल्या रीतीने ही उणीव भरून निघते. याच संस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या आहार-मार्गदर्शिकेतही शरीर कमावण्यासाठी प्रथिनांच्या पुड्या घेण्याचे टाळावे असा सल्ला दिला आहे.

अर्थात हे जेवण खरोखरी जेवले गेले पाहिजे. अनेक घरांत उसळ आठवड्यातून एकदा होते, आमटी पाण्यासारखी असते, आणि पोळी-भाजी व चहा-बिस्किटे यांवर दिवस निघतो. तेथे प्रथिने कमी पडतात हे मान्य केले पाहिजे. साठीनंतर स्नायू झपाट्याने क्षीण होतात. त्या वयात दर किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिने द्यावीत असे आजचे तज्ज्ञ सांगतात. शस्त्रक्रिया, भाजणे, क्षय, दीर्घ ज्वर, गर्भिणी व सूतिका या अवस्थांतही गरज वाढते. प्रथिनांची गरज हा भ्रम नाही. ती भागविण्याचा मार्ग कोणता, एवढाच वाद आहे.

बुधच्या सुखात्म्यांनी काय सांगितले

या वादाविषयी सातारा जिल्ह्याचे जगावर एक ऋण आहे, आणि आपल्यापैकी अनेकांस त्याची माहिती नसते. खटाव तालुक्यातील बुध या गावी १९११ साली जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे थोर संख्याशास्त्रज्ञ. १९५१ पासून सुमारे दोन दशके ते रोम येथील जागतिक अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्राचे काम पाहत होते. त्या काळी गरीब देशांत ‘प्रथिनांची प्रचंड तूट’ आहे या विचाराने जग झपाटलेले होते. माशांची पूड, पेट्रोलियमवर वाढविलेले सूक्ष्मजीव, अमिनो आम्ले मिसळलेला पाव अशा नाना योजना पुढे येत होत्या.

सुखात्म्यांनी आहाराच्या पाहण्यांचे आकडे तपासले आणि उलट निष्कर्ष मांडला. धान्य व डाळ हा ज्यांचा आहार आहे त्यांपैकी पोटभर जेवणाऱ्यांना प्रथिने बहुधा पुरतात. ज्यांना ती कमी पडतात त्यांना मुळात अन्नच कमी पडते. आणि अन्न कमी असताना वरून प्रथिने दिली, तर शरीर ती धातूंच्या बांधणीस न वापरता इंधन म्हणून जाळून टाकते. १९७३ च्या आंतरराष्ट्रीय अहवालात प्रौढांची प्रथिनगरज पूर्वीपेक्षा कमी धरण्यात आली. पुढे १९८५ व २००७ साली ती पुन्हा काहीशी वाढविण्यात आली, आणि अल्प आहाराशी शरीर कितपत जुळवून घेते या सुखात्म्यांच्या नंतरच्या प्रतिपादनावर तर मोठा वाद झाला. तरी अन्न पुरेसे नसेल तर प्रथिने कामी येत नाहीत, हा मूळ मुद्दा आजही अबाधित आहे.

सांगलीच्या त्या वृद्ध गृहस्थांचे नेमके हेच झाले होते. जेवण निम्म्यावर आले होते. चार कुकीजमधील प्रथिने त्या तुटीच्या आगीत जळत होती आणि साखर तेवढी रक्तात वाढत होती. साताऱ्याच्या भगिनीचे याच्या उलट. तिचे जेवण पुरेसे होते, प्रथिनेही पुरत होती. कुकीने केवळ मेदास खाद्य मिळाले. एकाच्या बाबतीत कुकीने जेवणाची जागा घेतली, दुसरीच्या बाबतीत ती जेवणावर चढली. आमच्या मते या पदार्थाची परीक्षा याच एका प्रश्नाने करावी : हा पदार्थ या माणसाच्या जेवणाची जागा घेणार आहे, की जेवणावर चढणार आहे? दोन्हींपैकी काहीही होणार असेल, तर तो घेऊ नये.

अलीकडील एक उदाहरण वैद्यांनी आवर्जून लक्षात ठेवावे. झारखंडमध्ये क्षयरुग्ण व त्यांच्या कुटुंबीयांवर मोठा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. रुग्णांना दरमहा तांदूळ, भाजलेल्या हरभऱ्याचे पीठ, दूधपूड व तेल देण्यात आले. ज्या गटातील कुटुंबीयांनाही तांदूळ, डाळ व सूक्ष्म पोषकद्रव्ये दिली गेली, त्यांच्यात क्षयाचे नवे रुग्ण ३९ टक्क्यांनी कमी आढळले. एवढे मोठे काम कोणत्या पदार्थांनी केले? आपल्या किराणा दुकानात पोत्याने असलेल्या.

आयुर्वेदीय दृष्टी

येथे आपल्या मंडळींकडून होणाऱ्या एका घाईचा उल्लेख करणे अवश्य आहे. प्रोटीन म्हणजे मांसधातू, म्हणून प्रोटीन कुकी ही मांसवर्धक व बृंहण, असे समीकरण काही जाहिरातींत आणि क्वचित आपल्या व्याख्यानांतही ऐकू येते. सामान्य-विशेष सिद्धांताचा हा अपुरा उपयोग आहे. द्रव्याचा विचार गुण, संस्कार, मात्रा, काल आणि भोक्त्याचा अग्नी यांसह करावयाचा असतो. पाकिटावर यांपैकी एकही छापलेले नसते.

बहुतेक कुकीज पीठ, स्नेह आणि शर्करा यांच्या संयोगाने बनतात. म्हणजे संस्काराने त्या पिष्टान्न, गुणाने गुरु. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील मात्राशितीय अध्यायात पिष्टमय पदार्थ गुरु सांगून, जेवण झाल्यावर ते खाऊ नयेत व भूक असतानाच मात्रेने खावेत, असा स्पष्ट निर्देश आहे. चहाबरोबर वा नाश्त्याच्या वर खाल्लेली कुकी या नियमाच्या नेमकी विरुद्ध जाते. प्रमेही, स्थूल, कफप्रधान व मंदाग्नी रुग्णांत तिचा परिणाम संतर्पणोत्थ व्याधींच्या दिशेने होतो.

त्याच संहितेत शमीधान्यांत मूग हे हिततम आणि उडीद हे अहिततम गणले आहेत. दोहोंतील प्रथिनांचे प्रमाण जवळपास सारखेच, तरीही शास्त्रकारांनी एकास पहिले आणि दुसऱ्यास शेवटचे स्थान दिले. केवळ प्रथिनांच्या आकड्यावरून पदार्थ निवडू नये, यास याहून बोलके उदाहरण कोणते? आजारातून उठलेल्यास मुगाचे कढण द्यावे, अग्नी वाढेल तसे मऊ भात-वरण, मग भाकरी-उसळ, असा संसर्जनाचा क्रम आपण शिकलो आहोत. कुळथाचे पिठले पौष्टिक खरे, पण ते उष्ण व अम्लविपाकी असल्याने रक्तपित्ताच्या व अम्लपित्ताच्या रुग्णास जपून द्यावे. पर्याय सुचवितानाही एवढा विवेक हवाच.

सांगलीच्या गृहस्थांच्या कुकीज बंद करून मुगाचे कढण, सुंठ घातलेले दूध, दोन वेळा ठरल्या वेळी जेवण, मधुमेहाचे चालू औषध आणि रोज खुर्चीतून दहा वेळा उठण्या-बसण्याचा व्यायाम एवढेच सांगितले. सहा आठवड्यांत दोन किलो वजन भरून आले आणि ते हाताच्या आधाराशिवाय उठू लागले. यात आमचे कौशल्य काही नाही. जेवण परत आले, एवढेच झाले.

पाकीट कसे वाचावे

ग्राहकास सल्ला देण्यापूर्वी पाकिटाची मागील बाजू वाचण्याची सवय आपण लावून घ्यावी. पुढील बाबी विशेष पाहाव्यात.

१) प्रथिने शंभर ग्रॅममागे दिली आहेत की एका वाढपामागे? काही पाकिटांवर एक वाढप म्हणजे अर्धीच कुकी असते. दर १०० उष्मांकांमागे किती प्रथिने येतात हे काढावे. आपल्या उदाहरणात ती चार ग्रॅमही भरत नाहीत. मूगडाळीत सात ग्रॅमांहून अधिक भरतात.

२) घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने देणे कायद्याने बंधनकारक आहे. मैदा, साखर व पामतेल ही नावे आरंभीच असतील, तर ते नाव बदललेले बिस्किटच आहे. माल्टोडेक्स्ट्रिन, द्रव ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप ही नावेही मधुमेह्याच्या दृष्टीने साखरेच्याच रांगेत बसवावीत.

३) ‘प्रोटीनयुक्त’ वा ‘प्रोटीनने समृद्ध’ या शब्दांनी दिपून जाऊ नये. केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांनुसार घन पदार्थाच्या शंभर ग्रॅममध्ये दैनंदिन गरजेच्या दहा टक्के प्रथिने असली की पहिला दावा करता येतो, वीस टक्के असली की दुसरा. प्रौढ पुरुषाची गरज ५४ ग्रॅम धरल्यास हे आकडे ५.४ व १०.८ ग्रॅम होतात. आपल्या घरच्या कणकेत शंभर ग्रॅमला साडेदहा ग्रॅम प्रथिने असतात!

४) प्रथिने कशाची आहेत? दुधाची व सोयाबीनची प्रथिने उत्तम प्रतीची असतात. गव्हाच्या ग्लुटेनमध्ये लायसिन कमी. प्राण्यांच्या त्वचा-अस्थींपासून काढलेल्या कोलॅजेनमध्ये ट्रिप्टोफॅन नसतेच, आणि शाकाहारी ग्राहकास ते चालणारही नाही. शिवाय साखरेसह पीठ भाजताना काही लायसिन साखरेशी संयोग पावून निरुपयोगी होते.

५) ‘शुगर फ्री’ कुकीत माल्टिटॉलसारखी द्रव्ये असू शकतात. अधिक खाल्ल्यास पोट फुगणे व द्रवमलप्रवृत्ती होते. ग्रहणीच्या रुग्णास नवे औषध देण्यापूर्वी हा प्रश्न विचारावा.

मग कुकी कोणी खावी?

सरसकट निषेध करणे शास्त्रीय ठरणार नाही. लांबच्या प्रवासात जेवणाची सोय नसताना, सातारा हिल मॅरेथॉनसारख्या स्पर्धेच्या दिवशी, किंवा ज्याला चार वाजता वडापाव वा क्रीमचे बिस्किट खाल्ल्याशिवाय राहवत नाही त्याला त्याऐवजी बरी प्रोटीन कुकी देण्यास हरकत नाही. मात्र पैसे परवडणारे असावेत, दर शंभर उष्मांकांमागे किमान पाच ग्रॅम प्रथिने असावीत आणि साखर यादीच्या आरंभी नसावी. ती खाऊ म्हणून खावी, औषध म्हणून नव्हे. वृक्कविकाराच्या रुग्णाने तज्ज्ञांच्या सल्ल्याविना प्रथिने वाढवू नयेत, आणि लहान मुलांच्या डब्यात ही वस्तू रोज नसावी.

औषधविक्रेत्यांस विनंती

आपल्या काउंटरवर ठेवलेल्या वस्तूस ग्राहक आपोआप औषधाचा मान देतो. किराणा दुकानातील बिस्किट तो बिस्किट समजून घेतो. तेच आपल्याकडून घेतल्यावर त्याला पथ्याचे रूप येते. या विश्वासावरच आपला व्यवसाय उभा आहे. म्हणून कुकीज ठेवावयाच्याच असतील तर त्या औषधांच्या शेजारी न ठेवता खाऊच्या फळीवर ठेवाव्यात. कोणासाठी नेत आहात, मधुमेह वा मूत्रपिंडाचा विकार आहे काय, जेवण नीट जाते काय, हे तीन प्रश्न विचारावेत. वैद्यांनी चिठ्ठीवर कुकी लिहू नये. लिहावयाचेच असेल तर मूगडाळ लिहावी, दूध लिहावे, ग्रॅम व वेळ यांसह लिहावे. ‘पौष्टिक खा’ या आपल्या मोघम सल्ल्याने जी पोकळी राहते तीतच ही पाकिटे शिरली आहेत, हे आपण प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे.

आमच्या दुकानातील शेवटची खोकी संपल्यावर आम्ही ती पुन्हा मागविली नाहीत. महिन्याच्या हिशेबात थोडी तूट आली, ती दिसतेही. त्या जागी आता मूगडाळ, फुटाणे, दूध व अंडी यांच्या वरील हिशेबाचा एक कागद पुठ्ठ्यावर चिकटवून ठेवला आहे. ग्राहक उभ्या उभ्या तो वाचतात, काही जण भाव चुकल्याचे सांगतात, आणि आम्ही पेन्सिलीने तो दुरुस्त करतो. वाचक वैद्यबंधू-भगिनींनी आपापल्या गावचे भाव घालून असा कागद करावा, एवढेच नम्र निवेदन.